पगार विचारता, मग बंदुकीचं का नाही?

मागच्या अंकात मी शाळेतल्या लॉकडाऊन ड्रिलबद्दल, म्हणजे बंदूकवाला शाळेत शिरला तर मुलांनी कसं लपायचं ह्याच्या सरावाबद्दल, सहज चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे विषय खरं तर मुलांच्या दप्तराच्या ओझ्याचा होता आणि ते मधेच आलं, आणि त्यानंतर जी पत्रं आलीयत त्यात दप्तराबद्दल एकही नाही. सगळी बंदुकीबद्दल. म्हणून ह्या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, गावंही नाही, फक्त राज्य, कारण अमेरिकेत ह्या बाबतीत राज्य बदललं की कायदा बदलतो. आणि मी वकील नाही, डॉक्टर नाही, इथे बावीस वर्षं राहिलेली, दोन मुलं इथल्या शाळांतून बाहेर काढलेली बाई आहे, तेवढं धरून वाचा.

ताई, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. वर्गातल्या मित्राने स्लीपओव्हरला बोलावलंय. आईवडील चांगले वाटतात पण त्यांच्या ट्रकवर शिकारीचे स्टिकर आहेत. घरात गन आहे का विचारावंसं वाटतं, पण नवरा म्हणतो असं विचारणं म्हणजे तोंडावर संशय घेणं, परत कुणी बोलावणार नाही आपल्या पोराला. काय करू? (पेनसिल्व्हेनिया)

विचारा. ट्रकवर स्टिकर नसतं तरी विचारा.

आपल्या लोकांची मला खरंच गंमत वाटते. पहिल्या भेटीत पगार विचारतो, ग्रीन कार्ड कुठपर्यंत आलं विचारतो, लग्नाला इतकी वर्षं झाली मग अजून काही गोड बातमी नाही का हेही विचारतो, आणि ज्या घरात आपलं पोर रात्रभर झोपणार तिथे बंदूक कुठे ठेवलीय हे विचारायची वेळ आली की एकदम आपल्याला दुसऱ्याची प्रायव्हसी आठवते.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा चांगलीच माती खाल्ली होती हे आधीच सांगते. दारात उभं राहून, मुलीची बॅग हातात, "डू यू हॅव गन्स?" असं पोलीस झडतीला आल्यासारखं विचारलं. ती बाई गोरीमोरी झाली. नंतर शिकले की हा प्रश्न एकटा पाठवायचा नाही, बाकीच्या चारचौघा प्रश्नांबरोबर पाठवायचा, आणि सुरुवात स्वतःपासून करायची. म्हणजे असं की, आमच्याकडे कुत्रा नाही त्यामुळे हा कुत्र्याला थोडा घाबरतो, नट्सची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे पूल आहे का, आणि आमच्या घरी बंदूक नाही पण तुमच्याकडे असेल तर ती लॉक करून असते ना? संपलं. मेसेजवर विचारलंत तरी चालतं, उलट मेसेजवर समोरच्याला तोंड लपवायला जागा मिळते. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, पालकांना हे विचारायलाच सांगते, दर वर्षी २१ जूनला त्यासाठी खास दिवसही पाळतात, शाळा सुटून मुलं एकमेकांकडे जायला लागतात तेव्हाच. त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही आहात. आणि माझा अनुभव असा की शिकारी कुटुंबंच सगळ्यात सरळ उत्तर देतात, त्यांना लहानपणापासून ती शिस्त लावलेली असते, कधीकधी तर स्वतः नेऊन सेफ दाखवतात. गोंधळ होतो तो "हो आहे एक, कुठेतरी बेडरूममध्ये" म्हणणाऱ्यांच्या घरी.

उत्तर काय यायला हवं ते पण ऐका. बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नाही. कपाटाची वरची फळी हे कुलूप नाही. "आमच्या मुलांना माहीतच नाही कुठे ठेवलीय" हे तर अजिबात उत्तर नाही. २००६ मध्ये अलाबामात एक अभ्यास झाला होता, आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं, तर आमच्या मुलाला जागा माहीत नाही म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती जागा बरोबर माहीत असल्याचं सांगितलं. आपण दिवाळीचा फराळ कुठे लपवतो ते मुलांना कळतं, इथे काय कळणार नाही.

उत्तर पटलं नाही तर भांडू नका, "ह्या वेळी तुमच्या मुलालाच आमच्याकडे पाठवा ना" म्हणा. आणि नवऱ्याला सांगा, ज्या घरातून ह्या प्रश्नामुळे परत बोलावणं येत नाही त्या घरी न गेल्याने पोराचं काहीही बिघडत नाही.

काकू, मी कोलोरॅडोत जुनियर इयरला (अकरावीला) आहे. मराठी वाचता येतं, टाइप आई करतेय. माझा सहावीपासूनचा एक मित्र आहे, तो दोन महिने झाले लंचला आमच्यात बसत नाही, स्टोरीजमध्ये त्याच्या काकाच्या रायफलचे फोटो टाकतो, परवा लिहिलं "सोमवारी शाळेत येऊ नका" आणि पुढे हसणारा इमोजी. विचारलं तर म्हणाला जोक आहे, चिल. मी सांगितलं तर पोलीस येतील, त्याचं लाइफ खराब होईल आणि सगळे मला स्निच म्हणतील. आणि खरंच जोक असेल तर?

हे पत्र आलं त्याच संध्याकाळी मी उत्तर पाठवलं, अंकाची वाट बघायचा प्रश्नच नव्हता. आता त्या दोघींच्या परवानगीने छापतेय, थोडं वाढवून.

त्या दिवशी लिहिलं ते असं: बाळा, आत्ता. सोमवार उजाडायच्या आत, आज रात्रीच. स्क्रीनशॉट काढ, तुमच्या राज्यात सेफ-टू-टेल आहे, कोलंबाइनच्या शाळेतल्या गोळीबारानंतरच उभी राहिलेली, नाव न सांगता कळवायची व्यवस्था आहे ती, फोन कर किंवा ॲपवर टाक, चोवीस तास चालू असते आणि कोणी सांगितलं हे उघड होऊ नये म्हणून राज्याचा कायदाच आहे. तो आत्ता बंदूक घेऊन निघालाय असं कळलं तर मात्र ॲप वगैरे नाही, थेट ९११. आणि आई शेजारी बसून टाइप करतेय म्हणजे एका मोठ्या माणसाला तू सांगितलंसच, अर्धा डोंगर तू आधीच चढलीयस.

आता त्या "स्निच" शब्दाबद्दल. मराठीत चुगली म्हणतो आपण. चुगली कशाला म्हणायचं, तर समोरच्याला अडकवायला सांगतो ती. हा मुलगा ऑलरेडी अडकलाय, तू त्याला तिथून काढायला माणसं बोलावतीयस. सहावीपासूनचा मित्र लंचला यायचा बंद झाला हे दोन महिने तुझ्या लक्षात आहे, म्हणजे कदाचित सगळ्या शाळेत तू एकटीच असशील जिच्या ते लक्षात आलं.

आणि जोक असेल तर काय, तर जोक निघेल, दोन-तीन दिवस ऑकवर्ड जातील. ते परवडतं. सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने मिळून शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये रिपोर्ट आला, त्यात ८१ टक्के घटनांमध्ये कुणाला तरी आधी माहीत होतं, आणि बऱ्याच वेळा एकाला नाही, अनेकांना. बहुतेक वेळा मित्रांना, वर्गातल्या मुलांना, मोठ्यांना नाही. म्हणजे शिक्षकांना कळायच्या कितीतरी आधी तुमच्या वयाच्या मुलांना कळतं. हा बोजा तुमच्या डोक्यावर असायला नको होता, आमच्या पिढीने ते बघायला हवं होतं, पण आत्ता आहे हे असं आहे.

तुला खोटा दिलासा देणार नाही, सांगूनही मोठी माणसं झोपतात. कोलंबाइन हायस्कूल तुमच्याच राज्यातलं, २० एप्रिल १९९९, १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले, आणि त्याच्या वर्षभर आधी एका कुटुंबाने हल्ला करणाऱ्या दोघांतल्या एका मुलाच्या धमक्यांबद्दल शेरीफकडे तक्रार केली होती, झडतीचा अर्ज लिहूनसुद्धा तयार होता, तो न्यायाधीशासमोर गेलाच नाही. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये १७ जण गेले, महिनाभर आधी एफबीआयच्या टिपलाइनवर एका व्यक्तीने फोन करून सगळं सांगितलं होतं आणि ती टिप पुढे गेली नाही. म्हणून मी म्हणते एका ठिकाणी सांगून हात झटकायचे नाहीत. सेफ-टू-टेलवर टाक, शिवाय आईने सकाळी शाळेच्या काउन्सेलरला फोन करायचा, आणि संध्याकाळी परत फोन करून विचारायचं, काय केलंत? ह्या दुसऱ्या फोनला फार महत्त्व आहे. आपण चिवट आहोत हे कळलं की फाइल हलते, हे आपल्याला सरकारी कचेऱ्यांनी लहानपणीच शिकवलंय.

मिशिगनचं ऑक्सफर्ड हायस्कूल मला कधीच डोक्यातून जात नाही. ३० नोव्हेंबर २०२१. आदल्या दिवशी मुलगा वर्गात फोनवर गोळ्या शोधताना दिसला, शाळेने आईला कळवलं, आईने मुलाला गमतीत मेसेज केला की पकडलं जायचं नाही हे शिकायला हवं तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि "विचार थांबत नाहीत, मला मदत करा" असं लिहिलेलं. शिक्षिकेला दिसलं, तिने कळवलं, आईवडिलांना बोलावलं, मीटिंग झाली. आईवडिलांनी त्याला घरी नेलं नाही. शाळेने परत वर्गात पाठवला. दप्तर कुणी उघडून बघितलं नाही. आणि चारच दिवसांपूर्वी बापाने घेतलेली बंदूक त्या दप्तरात होती. दोन-अडीच तासांत चार मुलं गेली. म्हणजे बघ, ह्यात दुष्ट असा मुलगा सोडून कुणीच नव्हता, आणि मुलगासुद्धा कागदावर मदत मागत होता. प्रत्येकाने आपल्या वाटणीचं अर्धं-अर्धं काम केलं आणि उरलेलं दुसरा करेल असं धरलं. २०२४ मध्ये कोर्टाने आईबापांना दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा दिली, शाळेतल्या गोळीबारासाठी आईबाप सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरायची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

जाता जाता, नंतर काय झालं ते ह्या कोलोरॅडोच्या मुलीच्या आईने कळवलंय. काउन्सेलर आणि एक पोलीस अधिकारी त्याच रात्री त्या मित्राच्या घरी गेले, काकाने रायफल घरातून हलवली, मुलाला अटक वगैरे झाली नाही, तो आता दर आठवड्याला कुणाकडे तरी बोलायला जातो. ह्या मुलीशी मात्र बोलत नाही. त्याला बहुतेक अंदाज आलाय. तिला वाईट वाटतंय, वाटणारच.

मॅडम, आमच्या भागात देशी लोकांच्या घरी सोन्यासाठी घरफोड्या होतायत. मिस्टरांना आत्ताच ग्रीन कार्ड मिळालं आणि लगेच म्हणतायत हँडगन घेऊ. मला भीती वाटते. घरात ५ आणि ११ वर्षांची मुलं. (टेक्सास)

ग्रीन कार्ड मिळाल्यावर माणसं आधी भारतात जाऊन येतात, तुमचे हे सरळ गनच्या दुकानात. असो. एच-१बी वर असताना शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, ग्रीन कार्डवर येते, त्यामुळे कायद्याने ते बरोबर आहेत.

पण हिशोब करायला बसवा त्यांना, इंजिनियर असतील तर आवडेल. कॅलिफोर्नियात २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास झाला, २०२० ला छापून आला. हँडगन असलेल्या पुरुषांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट, आणि बायकांचं पस्तीसपट. चोर येईल म्हणून आणलेली वस्तू चोर येण्याआधी वर्षानुवर्षं घरात पडून असते, आणि त्या वर्षांत घरात भांडणं होतात, नोकऱ्या जातात, ११ चा मुलगा १५ चा होतो.

तरीही घेणारच असतील, तो त्यांचा हक्क आहे, तर खरेदीच्या आधी सेफ घरात बोल्ट मारून बसलेला पाहिजे, आणि दोघांनी मिळून ट्रेनिंग घ्यायचं. तुम्हीसुद्धा. ज्या घरात बंदूक आहे तिथल्या बाईला ती रिकामी आहे की भरलेली हे ओळखता आलं पाहिजे. आणि सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा हो, लग्नाच्या सीझनला काढा आणि परत ठेवा. घरात सोनंच नाही म्हटल्यावर राखायचं काय?

माझा एक जुना मित्र, आम्ही पुण्याला रूममेट होतो, इथे ओहायोत एकटा राहतो. डिव्होर्स झाला, मार्चमध्ये जॉब गेला, हल्ली पितो जास्त. शूटिंग रेंजवर जायची आवड म्हणून दोन गन्स घेतलेल्या आहेत. परवा फोनवर म्हणाला "आता काही राहिलं नाही यार, वहिनीने बोलावलं होतं तेव्हा येऊन जायला हवं होतं." मला झोप लागत नाहीये. पण असं काही विचारलं आणि त्याच्या मनात नसलेलं आलं तर? (इलिनॉय)

झोप लागत नाहीये ते बरोबर आहे. वाक्य साधं नाही ते.

आधी तुमची शेवटची भीती काढते. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. ह्यावर पुष्कळ संशोधन झालंय आणि त्यातून हेच दिसतं, उलट सरळ विचारलं तर बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. तेव्हा आडवळणाने नको, "बरा आहेस ना रे" नको कारण त्याला उत्तर "हो रे" हेच असतं. "तू जीव द्यायचा विचार करतोयस का?" असं. मराठीत, कारण तुम्ही दोघं ज्या भाषेत रूमवर रात्रभर गप्पा मारायचात त्या भाषेत तो खोटं कमी बोलेल. विचारून झालं की गप्प बसायचं. उपाय सुचवायचे नाहीत, दुसरं लग्न, योगा, भारतात परत ये, काही नाही. ऐकायचं.

आणि मग बंदुकांचा विषय. हा टाळू नका. अमेरिकेत बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शाळा आणि मॉल येतात, पण २०२३ मध्ये बंदुकीने ४६ हजारांहून जास्त माणसं गेली त्यात २७ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. त्यांची बातमी येत नाही. आणि ह्यात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते वेळ. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून जीव वाचलेल्या तरुण लोकांना विचारलं तेव्हा चौघांतल्या जवळपास एकाने सांगितलं की ठरवणं आणि करणं ह्यात पाच मिनिटंही गेली नव्हती. ती लाट येते आणि ओसरतेही, आणि जी माणसं अशा प्रयत्नातून वाचतात त्यांच्यातली बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत, जगतात. बंदूक हाताशी असली की ती लाट ओसरायला वेळच मिळत नाही. इस्रायली लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना सुट्टीला घरी जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली, आणि आत्महत्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

तर त्याला म्हणा, "हे दिवस जाईपर्यंत तुझ्या गन्स दुसरीकडे ठेवू, तुझ्याच आहेत, परत देणार." पिऊन असलेल्या मित्राची गाडीची किल्ली काढून घेतो तसंच आहे ते, त्यात त्याचा अपमान नाही. कुठे ठेवायच्या ते नीट बघा कारण दुसऱ्याच्या हवाली करायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, आणि तुम्ही इलिनॉयचे, उगाच स्वतःच्या डिकीत टाकून राज्याची हद्द ओलांडू नका. काही गन शॉप्स, रेंजेस, काही ठिकाणी पोलीस स्टेशनं तात्पुरत्या ठेवून घेतात, त्याच्या गावात फोन करून विचारा. गन शॉपवाले हे ऐकून दार लावतील असं वाटत असेल तर सांगते, न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ ला एकाच दुकानातून आठवड्याच्या आत तीन जणांनी, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या, बंदुका घेतल्या आणि तिघांनीही जीव दिला. तो दुकानदार हादरला, आणि मग त्याने सार्वजनिक आरोग्यातल्या जाणकारांबरोबर बसून, गिऱ्हाईक अडचणीत आहे हे ओळखायचं कसं, विकायला नकार कधी द्यायचा, ह्याची माहितीपत्रकं बनवली, ती दुसऱ्या राज्यांतल्या दुकानांतही गेली. बंदूक विकणाराच तो, पण त्याने हे आपलं काम मानलं.

९८८ वर, म्हणजे आत्महत्या रोखण्यासाठीच्या इथल्या हेल्पलाइनवर, तुम्ही स्वतः फोन करू शकता, त्याच्यासाठी काय करू असं विचारायला, चोवीस तास चालू असतो आणि दुभाष्याचीही सोय आहे. तो फोन उचलत नसेल आणि धोका आत्ताच वाटत असेल तर ९११ वर त्याच्या गावच्या पोलिसांकडे जोडून मागा, घरात दोन बंदुका आहेत हे सांगा.

आणि शक्य असेल तर जा हो. गाडीने किती, सहा तास? ह्या शनिवारीच. वहिनीने बोलावलं होतं म्हणाला ना तो, मग ह्या वेळी बोलावू नका, आणायलाच जा.

आपण ह्या देशात पाहुणे आहोत. त्यांची बंदूक, त्यांची घटना, त्यांची मुलं. आपण बरं आपलं काम बरं हे धोरण ठेवलं म्हणून आपण इथे टिकलो. तुम्ही दर अंकात लोकांना भानगडीत पडायला सांगता. (न्यू जर्सी, ३१ वर्षं इथे)

३१ वर्षं राहिलेला पाहुणा मी तरी पहिल्यांदाच बघतेय.

कॅन्सस, ओलेथ, फेब्रुवारी २०१७. दोन भारतीय इंजिनियर ऑफिस सुटल्यावर बारमध्ये बसले होते, आपण बरं आपलं काम बरं ह्याच धोरणाने. एक माणूस आला, माझ्या देशातून चालते व्हा म्हणाला, त्याला बाहेर काढलं तर बंदूक घेऊन परत आला. एक जण गेला. तिथे २४ वर्षांचा एक गोरा मुलगा बसला होता, ह्या दोघांशी काहीही नातं नाही, तो मारेकऱ्याच्या मागे धावला आणि स्वतः गोळी खाऊन बसला, वाचला नशिबाने. ह्यूस्टनच्या भारतीय लोकांनी नंतर त्याला घरासाठी १ लाख डॉलर दिले. त्या मुलाने आपण बरं आपलं काम बरं म्हटलं असतं तर चाललं असतं, कुणी काही बोललं नसतं त्याला.

मी कुणाला गोळीसमोर उभं राहायला सांगत नाहीये, मी फोन करायला सांगतेय. आणि तुम्ही सिटिझन असाल तर स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला मत द्या, तिथे मोजून माणसं जातात, आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखं.

मी नातीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. ती पहिलीत आहे. परवा खेळता खेळता म्हणाली, "आजी, आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसतो आणि मी सगळ्यात गप्प बसले म्हणून मला स्टिकर मिळालं." माझ्या घशात घासच अडकला. मुलगा-सून म्हणतात हे नॉर्मल आहे. मी काय बोलायला हवं होतं? (वॉशिंग्टन राज्य)

आजी, तुम्ही काही बोलला नाहीत तेच बरं झालं. सून नॉर्मल म्हणते ते तिला तसं वाटतं म्हणून नाही, रोज सकाळी पोरीला बसमध्ये बसवायचं असतं म्हणून. तिच्यावर रागवू नका.

कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेतल्या गोळीबारात २०१२ मध्ये गेलेली २० मुलं सहा-सात वर्षांची होती, तुमच्या नातीएवढी, तेव्हापासून इतक्या लहान वर्गांतही हे ड्रिल घट्ट बसलंय. एक मात्र सांगते, मुलं बंदुकीने जातात त्यातली शाळेत फार थोडी, बाकीची घरात आणि रस्त्यावर, तेव्हा रोज शाळेच्या नावाने धसका घेऊ नका. परत तिने विषय काढला तर तिलाच सांगू दे, मग कुठे बसता, शेजारी कोण असतं, बाई काय म्हणतात. तिला भीती वाटली होती का हे विचारा, आणि वाटली म्हणाली तर "मलाही वाटली असती" म्हणा. रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊन रडा, मी तेच केलंय. आणि ते स्टिकर कुठे लावलंय ते बघायला मागा.

स्टॉप द ब्लीडचा, म्हणजे जखमेचं रक्त थांबवायचा, कोर्स तुम्ही केलाय असं मागे लिहिलं होतं. किती वेळ लागतो? मला रक्त बघून चक्कर येते. (जॉर्जिया)

दीड तास, फार तर. अनेक ठिकाणी फुकट असतो, हॉस्पिटलं आणि फायर स्टेशनं घेतात. सँडी हुकनंतर सर्जन लोकांनी हे मनावर घेतलं आणि २०१५ ला व्हाइट हाउसने मोहीम सुरू केली, कारण मोठ्या रक्तस्रावाने माणूस काही मिनिटांत जातो आणि ॲम्ब्युलन्स तेवढ्यात पोचतेच असं नाही. गोळीलाच नाही, गाडीच्या अपघाताला, करवतीने हात कापला त्यालाही तेच. कोर्समध्ये खरं रक्त नसतं, रबराचे हातपाय असतात, त्यात कापड कोंबायला शिकवतात, दाबायला शिकवतात, तुमच्या वजनाने, हाताच्या ताकदीने नाही. माझ्या शेजारची बाई पहिल्या दहा मिनिटांत खाली बसली होती, पाणी पिऊन उठली आणि टूर्निकेट, म्हणजे हातापायाचं रक्त अडवायचा पट्टा, माझ्यापेक्षा चांगलं बांधलं तिने. ते जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचं, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, तो माणूस दुखतंय म्हणून ओरडेल तरी सैल करायचं नाही. आणि बांधल्याची वेळ मार्करने त्या पट्ट्यावरच लिहायची, मार्कर नसला तर लिपस्टिकने.